कुसुंब्याहून मोपाला

खानदेशातल्या आपल्या घरांत विमानाची पहिली गोष्ट ऐकायला मिळते ती हजची. दादा-दादी हजला निघाले, अर्धा मोहल्ला स्टेशनवर पोहोचवायला आला, गळ्यात हार पडले, मुंबईच्या हज हाऊसला मुक्काम झाला आणि मग विमान. काहींना औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून जायची सोय झाली. परत आल्यावर खजूर आणि जमजमच्या वाटपाबरोबर विमानाचे वर्णन वर्षभर पुरायचे. त्यामुळे विमानतळ म्हणजे आयुष्यात एकदा, आणि तेही कमिटीच्या किंवा टूरवाल्याच्या देखरेखीखाली जायची जागा, असे आमच्या पिढीच्या डोक्यात पक्के बसले होते. मुलांच्या सुट्टीत, स्वतःच्या पैशाने, स्वतःच तिकीट काढून विमानाने समुद्र पाहायला जायचे हे आपल्याकडे अगदी नवे आहे.

२०२४च्या एप्रिलपासून जळगावहून गोव्याला विमान सुरू झाले आणि हा विषय आमच्याही घरात निघाला. आम्ही म्हणजे दोघे नवरा-बायको, दोन मुले आणि हज करून आलेल्या अम्मी. अम्मींचा अनुभव घरात सर्वांत मोठा, म्हणून त्यांचा शब्द प्रमाण. पण हजच्या प्रवासात कागदपत्रे, सामान, वेळ, गाडी, सगळे कोणीतरी सांभाळून घेते. सुट्टीच्या प्रवासात ते सगळे आपल्यावर असते. शिवाय मुंबईचे विमान चुकले तर पैसे मोजून दुसरे मिळू शकते. जळगावहून गोव्याचे विमान आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच असते. ते चुकले की त्या दिवशी दुसरे नाही. या लेखातल्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतूनच निघाल्या आहेत.

जळगावचा विमानतळ शहराच्या आग्नेयेला, अजिंठ्याच्या रस्त्यावर कुसुंब्याजवळ आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये येथे धावपट्टी बांधली. पुढे कितीतरी वर्षे ती मंत्र्यांच्या दौऱ्यांना आणि उद्योगपतींच्या छोट्या विमानांनाच उपयोगी पडली. नवे रूप २०१२ मध्ये मिळाले, तेव्हाच्या राष्ट्रपती आणि आपल्याच जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. प्रवासी विमान मात्र त्यानंतरही लगेच आले नाही. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे वीसहून कमी आसनांचे विमान मुंबईला जाऊ लागले, ते फार टिकले नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, मुंबई आणि अहमदाबाद जोडले गेले, मग तीही कंपनी बंद पडली. २०२४ मध्ये गोव्याची फ्लाय ९१ ही कंपनी आली. तिने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडले. मुंबईसाठी अलायन्स एअरचे विमान सुरू झाले. हा इतिहास सांगायचे कारण एवढेच की, लहान विमानतळावरची सेवा सरकारी मदतीच्या आधाराने उभी राहते. ती मदत साधारण तीन वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात विमाने भरली नाहीत तर कंपन्या मार्ग बदलतात. म्हणून शेजाऱ्याने मागच्या दिवाळीला सांगितलेल्या वेळेवर विसंबून कोणी बेत आखू नये. तिकीट काढण्याआधी त्या महिन्याचे वेळापत्रक पाहावे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे.

उडानमधली एक चांगली गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. या योजनेतल्या मार्गांवर विमानातल्या काही जागा सरकारने ठरवलेल्या कमाल भाड्यात द्यायच्या असतात. योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये अशी मर्यादा होती, पुढे ती वाढत गेली. या जागा आधी संपतात. शाळेच्या सुट्ट्यांचे पत्रक हातात आले की त्याच आठवड्यात तिकीट पाहिले तर पाच जणांच्या कुटुंबाला फरक चांगलाच जाणवतो.

धुळेकरांसाठी थोडे वेगळे. धुळ्यालाही धावपट्टी आहे, गोंदूरला. तिथून प्रवासी विमान नाही, पण आकाशात घिरट्या घालणारी लहान विमाने धुळ्याच्या पोरांना पाठ आहेत. ती वैमानिक घडवणारी विमाने. जे. आर. डी. टाटा ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये उडायला शिकले त्याच क्लबचे प्रशिक्षण गोंदूरला चालते. शिरपूरलाही अशी धावपट्टी आहे. विमान डोक्यावर आणि तिकीट दुसऱ्या गावाचे, अशी धुळ्याची गंमत आहे. धुळ्याहून कुसुंबा पारोळा, एरंडोल करत शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. दुसरा पर्याय नाशिकचा. पण 'नाशिकचा विमानतळ' म्हटले तरी तो ओझरला आहे, म्हणजे धुळ्याहून मालेगाव, चांदवड करत येताना नाशिक शहराच्या अलीकडेच लागतो. शहरात शिरावे लागत नाही. सोबत लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर आम्ही जळगावलाच कौल देऊ, कारण बहुतेक धुळेकरांचे कोणी ना कोणी नातेवाईक जळगावात असतातच. आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्काम केला की सकाळची धावपळ निम्मी होते.

जळगाव शहरातून निघणाऱ्यांनी अजिंठा चौफुलीची कोंडी हिशेबात धरावी. अंतर सहा-सात किलोमीटरचे असले तरी रिक्षाने निघताना पाऊण तास हाताशी ठेवलेला बरा. विमानाच्या दोन तास आधी पोहोचावे. सामान घेणारी खिडकी साधारण एक तास आधी बंद होते, आणि ती बंद झाली म्हणजे बंद. 'माणूस रस्त्यात आहे, येतोच आहे' हे एसटीच्या कंडक्टरला सांगता येते, इथे त्याचा उपयोग नाही. आणखी एक. इमारतीत फक्त तिकीट आणि ओळखपत्र असणाऱ्यालाच सोडतात. हारतुरे घेऊन आलेले मामा-मामी, खाला-खालू आणि त्यांची पोरे, सगळ्यांना बाहेर उन्हात उभे राहावे लागते. निरोप घरीच घ्यावा.

दाराशी पहिली अडचण नावाची. आपल्याकडे नावे 'शेख अमुक शेख तमुक' अशी लिहायची रीत आहे. आधार कार्डावरही तशीच असतात. तिकिटाच्या अर्जात मात्र दोनच रकाने, पहिले नाव आणि आडनाव. भाचा मोबाईलवर घाईघाईने तिकीट काढतो तेव्हा एका रकान्यात घरचे हाकेचे नाव टाकतो, दुसऱ्यात 'शेख'. मग दारावरचा जवान आधार पाहतो तर त्यावर निराळेच नाव. बायकांच्या बाबतीत हे अधिक होते. तिकिटावर 'परवीन', आधारवर 'बी', आणि मतदार ओळखपत्रावर नवऱ्याचे नाव जोडलेले. उपाय सोपा आहे. जे ओळखपत्र सोबत नेणार, त्यावर इंग्रजी अक्षरांत नाव जसे आहे तसेच तिकिटावर उतरवावे. आधीचे दोन शब्द पहिल्या रकान्यात, नंतरचे दोन दुसऱ्यात. तिकीट काढल्या दिवशीच कागदाशी ताडून पाहावे. चूक त्याच दिवशी कळवली तर दुरुस्ती सोपी जाते, विमानतळावर ती महाग पडते. दोन वर्षांच्या आतले मूल मांडीवर बसते, त्याच्या वयाचा दाखला जवळ हवा. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण आसन घ्यावे लागते.

बुरखा आणि नकाबाविषयी आपल्या बहिणींच्या मनात धाकधूक असते, म्हणून स्पष्ट लिहितो. ओळखपत्र तपासताना चेहरा दाखवावा लागतो, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. महिला कर्मचाऱ्याकडून तपासणी व्हावी असे शांतपणे म्हणावे, ती मागणी रास्त आहे. अंगझडतीसाठी बायकांना पडदा लावलेली वेगळी जागा असते आणि तिथे महिला कर्मचारीच तपासते. स्कार्फला लावलेल्या पिना आणि हातभर बांगड्यांमुळे यंत्र वाजते. वाजले तरी घाबरण्यासारखे काही नसते, ती हातातल्या यंत्राने पुन्हा पाहते आणि सोडते. पिना कमी लावल्या तर वेळ वाचतो. दागिने सोबत असतील तर ते मोठ्या सामानात टाकू नयेत, जवळच्या पर्समध्ये ठेवावेत. जळगावच्या सोन्याचे कौतुक सर्वांनाच असते.

आता खाण्याच्या पिशवीकडे वळू, कारण खानदेशी माणूस तिच्याशिवाय निघत नाही. दशम्या, केळीचे वेफर्स, शेव, भाजलेले शेंगदाणे, बिबडे हे सगळे हातातल्या पिशवीत चालते. लोणच्याची बरणी मात्र जमा करायच्या सामानात द्यावी, नीट बांधून. मिरचीची पूड आणि मसालाही तिकडेच. सुके खोबरे मोठ्या सामानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याची भीती असते, म्हणून ते यादीत निषिद्ध आहे. खोबऱ्याच्या वाट्या गोव्याला नेण्यात तसाही अर्थ नाही! मोबाईलची पॉवर बँक उलट, ती जवळच ठेवायची, जमा केलेल्या सामानात नाही. काडेपेटी आणि लायटर दोन्हीकडे नको. अत्तराची लहान कुपी चालते, तस्बीहला कोणी हात लावत नाही. औषधे जवळ ठेवावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठीही. अम्मींचा पानदान आम्ही घरीच उघडून पाहिला. पाने, चुना, कात ठीक, पण आत अडकित्ता होता. धारेची वस्तू जवळ नेता येत नाही, तेव्हा तो कपड्यांच्या बॅगेत गुंडाळून ठेवला. ज्यांच्या घरी पानदान आहे त्यांनी एवढे आठवणीने पाहावे, नाहीतर दाराशी तो कायमचा सोडून द्यावा लागतो.

वजनाची मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते. देशातल्या प्रवासात सर्वसाधारणपणे माणशी १५ किलो जमा करायला आणि ७ किलो हातात. ही मर्यादा इथे जास्त मनावर घ्यावी लागते, आणि त्यामागे कारण आहे. जळगावची धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आतबाहेरची आहे. गोव्याच्या मोपाची जवळपास दुप्पट. त्यात आपला एप्रिल-मे. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत विमानाला उचलणारा जोर कमी पडतो, आणि लांबी कमी असेल तर भार कमी करावा लागतो. जळगावचे ऊन पंचेचाळिसाच्या पुढे जाते हे आपल्याला सांगायला नको. काउंटरवरचा माणूस दोन किलोसाठी अडतो तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यात काही हशील नसते. आणखी, या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची फुगलेली बॅग विमानाच्या पायऱ्यांशी काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. तिच्यात औषधे आणि दागिने असतील तर आधी काढून घ्यावेत.

विमान एटीआर जातीचे, पंख्याचे. मोठ्या जेटची सवय असणाऱ्यांना ते लहान वाटते. दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने, सत्तरच्या आसपास माणसे. चढायचे मागच्या दाराने. जमिनीवरून थेट पायऱ्या, पण त्या थोड्याच. गुडघेदुखी असणाऱ्यांना तरीही आधार लागतो. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच, निदान दोन दिवस आधी कळवावे. ऐनवेळी मागितली तर लहान विमानतळावर माणसे मोजकीच असतात. उन्हाळ्यातल्या दुपारी हे विमान हेलकावे खाते, आवाजही जेटपेक्षा जास्त येतो. अम्मी आयतुल कुर्सी पढत बसल्या आणि मुले हसत राहिली. उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात, पोरांना चघळायला काही द्यावे.

या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे कुठल्याही रांगेत बसले तरी खालचे दिसते. कुसुंबा सुटले की अजिंठ्याच्या डोंगररांगा, मग गोदावरीचा पट्टा, काळी जमीन, तुटक-तुटक तलाव आणि पुढे सह्याद्री. रंग बदलत जातो. तपकिरी, मग हिरवट, मग एकदम गर्द. हे सगळे दीड तासाच्या आसपास. भुसावळहून गोवा एक्स्प्रेसने वास्कोला जायचे तर जवळपास एक अहोरात्र लागते. मंगला एक्स्प्रेस जळगावहून कोकण रेल्वेने मडगावला नेते, तीही रात्रभराची आणि वर. रेल्वेच्या प्रवासाला आम्ही नावे ठेवणार नाही. खिडकीतून कोकण पाहायचे तर मंगलाच. पण वयस्कर आई-वडिलांना दीड तासाचा प्रवास जमतो आणि चोवीस तासांचा जमत नाही, हेही तितकेच खरे. ज्यांनी 'आता आमच्याने होत नाही' म्हणून समुद्राचा विषय सोडून दिला होता, त्यांच्यासाठी हे विमान सर्वांत उपयोगाचे आहे.

नमाजचे काय, हा प्रश्न हमखास येतो. दीड तासाचे उड्डाण असल्याने बहुतेक वेळा विमानात बसण्याआधी किंवा उतरल्यावर नमाज होऊन जाते. एवढे लहान विमान उभे राहून नमाज पढण्याचे नाही आणि त्यातल्या न्हाणीत वुजू करणे म्हणजे कसरत, म्हणून वुजू करूनच निघावे. सांज असेल तर मगरिबची वेळ आखूड असते, तेवढे आधी पाहून ठेवावे. विमानतळावर वेगळी खोली असेलच असे धरू नये. चौकशीच्या खिडकीवर विचारले तर कोपरा दाखवतात. जानमाज हातातल्या पिशवीत हवी, मोठ्या सामानात दिली तर ती ऐनवेळी मिळत नाही. दिशेसाठी एक सोपी खूण आहे. जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि आपला किब्ला इथून जवळजवळ थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. गोव्यात तो पश्चिमेपासून उत्तरेकडे आणखी थोडा सरकतो. कसर नमाजविषयी आपापल्या मौलानांना विचारून निघावे. हनफी मताने पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर गोव्यात आपण मुसाफिरच राहतो.

मोपाला उतरले की आकार बदलतो. गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातल्या पठारावर हा विमानतळ आहे. मनोहर पर्रीकरांचे नाव त्याला दिले आहे. उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. कुसुंब्याच्या इमारतीत एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक दिसते. इथे चालावे लागते, पाट्या वाचाव्या लागतात, आणि सामान कोणत्या पट्ट्यावर येणार ते पडद्यावर पाहावे लागते. मुलांचा हात सोडू नये.

गोव्यात विमानतळ दोन आहेत. जुना दाभोळी, वास्कोजवळचा, पोर्तुगीज काळातला आणि नौदलाच्या ताब्यातला. नवा हा मोपा. तिकिटावर दोन्हींना 'गोवा'च लिहितात. फरक तीन अक्षरांत असतो. दाभोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. दोघांमध्ये साठ किलोमीटरच्या वर अंतर आहे, मध्ये मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांचे पूल आणि पणजीची वाहने. जाताना विमान जिथे नेईल तिथे आपण उतरतो, चुकायला वाव नसतो. धोका परतीचा. हॉटेलवाल्याने 'एअरपोर्ट ना, सोडतो' म्हटले आणि गाडी दाभोळीकडे वळली तर विमान गेलेच म्हणून समजा. टॅक्सीत बसताना 'मोपा' हा शब्द उच्चारूनच बसावे.

टॅक्सीचा खर्च घरात बसून काढलेल्या हिशेबात हमखास सुटतो. मुंबई-पुण्याला मोबाईलवर ज्या टॅक्सी बोलावतो, त्या कंपन्या गोव्यात चालत नाहीत. तिथे स्थानिक टॅक्सीवाल्यांचे बळ मोठे आहे. विमानतळावर आधी पैसे भरून टॅक्सी मिळण्याची खिडकी आहे, आणि गोवामाइल्स नावाचे स्थानिक ॲपही आहे. पण सर्वांत परवडते ती कदंबची बस. कदंब म्हणजे गोव्याची एसटी. विमानतळापासून तिच्या विजेवरच्या वातानुकूलित बसेस म्हापसा, पणजी, मडगाव या बाजूंना जातात. पाच माणसे आणि चार बॅगा घेऊन आम्ही याच बसने म्हापशाला गेलो. बाहेर येताच पाच जण 'टॅक्सी, टॅक्सी' करत घेरतात, त्यांना नम्रपणे नको म्हणून बसच्या थांब्याकडे चालू लागावे.

कुठे उतरायचे याबद्दल आमचे मत सांगतो, पटले तर घ्यावे. गोवा म्हटले की कळंगुट आणि बागा एवढेच लोकांना ठाऊक असते. तिथे गर्दी, मोठ्याने वाजणारी गाणी आणि पावलापावलावर दारूची दुकाने. मुलांना घेऊन गेलेल्या घराला तिथे अवघडल्यासारखे होते. पण मोपा गोव्याच्या अगदी सीमेवर आहे. तिथून उत्तरेकडे वळले तर बांदा आणि सावंतवाडी थोड्याच वेळात येतात, त्यापुढे वेंगुर्ले आणि मालवण. म्हणजे गोव्याच्या विमानाने येऊन आपल्याच सिंधुदुर्गात सुट्टी घालवता येते. शांत किनारे, मराठी बोलणारी माणसे, ताजी मासळी. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा मिळतात. गंजिफाचे गोल पत्ते इराणकडून आले आणि इथे हाताने रंगवले जाऊ लागले. आमच्या मुलांनी समुद्राइतकेच त्यांचे कौतुक केले.

गोव्यातच राहायचे असेल तर म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा या गावांत मशिदी आहेत आणि आसपास हलाल जेवण मिळते. २०११च्या जनगणनेत गोव्यात मुसलमान आठ टक्क्यांच्या वर होते, तेव्हा आपण परक्या मुलखात आलो असे वाटायचे कारण नाही. मोठ्या हॉटेलांत डुकराचे मांस एकाच स्वयंपाकघरात शिजते, म्हणून संकोच न करता विचारावे. मासे-भात सर्वांत सुरक्षित, तोही वेगळ्या तव्यावरचा आहे ना एवढे पाहून. फोंड्याची साफा मशीद मात्र चुकवू नये. १५६०ची, आदिलशाही काळातली, शेजारी जुना तलाव. किनाऱ्याच्या गोव्यापेक्षा हा गोवा वेगळा आहे आणि तो फार थोडे लोक पाहतात.

विमान उशिरा सुटले किंवा रद्द झाले तर काय, हे निघण्याआधीच समजून घ्यावे. पावसाळ्यात मोपाच्या पठारावर ढग उतरतात, आणि लहान कंपनीकडे विमाने मोजकीच असल्याने एकाच्या उशिराने पुढची सगळी साखळी लांबते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम प्रवाशाच्या बाजूने बरेच स्पष्ट आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, आणि प्रवासी वेळेवर हजर असेल, तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसऱ्या विमानाची सोय किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातले एक निवडायचा हक्क प्रवाशाचा. रद्द झाले तरी हाच हक्क. हवामानामुळे रद्द झाले तर वर भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे बुडत नाहीत. हे काउंटरवर शांतपणे आणि लेखी मागावे. तिकीट काढताना स्वतःचाच मोबाईल क्रमांक द्यावा. एजंटाचा दिला तर रद्द झाल्याचा संदेश त्याच्याकडे जातो आणि आपण बॅगा घेऊन कुसुंब्याला.

सर्वांत जपायचे ते उमराहवाल्यांनी. जळगावहून मुंबईचे विमान आणि त्याच दिवशी मुंबईहून जिद्द्याचे, असा बेत आता काही जण करू लागले आहेत. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर पहिले विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. उमराहचे तिकीट, व्हिसा, हॉटेल, गटाबरोबरची सोबत, सगळे त्या एका छोट्या विमानावर टांगलेले असते. मुंबईला एक रात्र आधी पोहोचावे, नाहीतर रेल्वेनेच जावे. आयुष्यभराची पुंजी जमवून निघालेल्या माणसाने दोन हजार रुपयांची रात्र वाचवू नये.

सुट्टीच्या प्रवासालाही हाच हिशेब, थोडा सैल. परतीचा दिवस शाळा उघडण्याच्या, ड्यूटीच्या किंवा घरातल्या निकाहच्या आदल्या दिवशी धरू नये. मध्ये एक मोकळा दिवस असला की विमान रद्द झाले तरी माणूस मंगलाची चौकशी करून घरी पोहोचतो. विमानाबरोबर रेल्वेचेही आरक्षण काढून ठेवायचे आणि एक रद्द करायचे, ही युक्ती बरेच जण सांगतात. आम्हाला ती पटत नाही, सुट्टीच्या दिवसांत त्या जागेसाठी दुसरे कुटुंब ताटकळत असते.

परतीच्या विमानातून काजू आणि कोकम आणायला हरकत नाही. कोकमचे आगळ बाटलीत असेल तर ती बाटली पिशवीत घट्ट गुंडाळून जमा करायच्या सामानात टाकावी, झाकण सुटले तर सगळे कपडे लाल होतात. कुसुंब्याला उतरल्यावर सामान काही मिनिटांत हाती येते. बाहेर रिक्षा नेहमी उभी असेल असे नाही, म्हणून ओळखीच्या रिक्षावाल्याला गोव्यातूनच फोन करून ठेवावा. धुळ्याला जायचे असेल तर त्याला थेट बसस्थानकावर घ्यायला सांगावे आणि पारोळ्याकडे जाणारी गाडी किती वाजता आहे तेही त्यालाच विचारावे. आमच्या रिक्षावाल्याला जळगाव स्थानकावरच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या.